माशी स्वच्छ, लक्ष्य पुसट

आमच्या घराण्यांत शस्त्राची परंपरा म्हणाल, तर ती खंडेनवमीच्या दिवशीं विळी, अडकित्ता व कात्री पाटावर मांडून त्यांस गंधफूल वाहण्यापलीकडे कधीं गेली नाहीं. पणजोबा भिक्षुकी करीत. आजोबा व वडील शाळामास्तर. आणि आम्हीहि छत्तीस वर्षें खडूची धूळ खाऊन सेवानिवृत्त झालों. विद्या म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतची, आणि वर वडिलांनीं पाठशाळेंत घालून पढविलेलें थोडें संस्कृत. अशा घरांत एके रात्रीं, पंगत अर्धी झाली असतां, आमच्या तेरा वर्षांच्या नातीनें ताटावरून मान वर करून सांगितलें, ‘आबा, मला पिस्तूल शिकायचंय.’ पंगतींतील सर्वांचे घास हातांतल्या हातांत राहिले. आमच्या सौ.नीं वाढतां वाढतां विचारलें, ‘काय शिकायचंय म्हणालीस?’ तेव्हां नातीनें तेंच वाक्य अधिक स्पष्ट उच्चारांत पुन्हां म्हटलें.

तो २०२४ सालचा ऑगस्ट महिना होता आणि आमचें गांव कोल्हापुर, एवढें सांगितलें म्हणजे निराळा खुलासा नको. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें मनु भाकर यांनीं दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेंत एकटीनें एक आणि सरबज्योत सिंग यांच्या जोडीनें दुसरें, अशीं दोन कांस्यपदकें मिळविलीं होतीं. आणि आमच्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक आणलें होतें. याच कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिच येथें रायफलमध्यें जगज्जेत्या झाल्या, त्या वेळीं आमच्या वर्गांतील मुलींनीं फळ्याच्या कोपऱ्यांत त्यांचें नांव लिहून ठेवलें होतें, आणि आठवडाभर तें आम्हांसहि पुसवलें नव्हतें. तेव्हां नातीच्या मनांत हें वारें कोठून शिरलें, याचा शोध घेण्याचें कारण नव्हतें. प्रश्न पैशाचा होता.

जेवणें झाल्यावर बैठक भरली. आमचे धाकटे बंधू जन्मभर एका पतपेढींत हिशेब लिहीत आले. त्यांचें बोलणें खतावणीसारखें रोखठोक. ते म्हणाले, ‘दादा, हा संस्थानिकांचा खेळ. आपण पेन्शनीवर जगणारीं माणसें. मला हें पटत नाहीं.’ आमच्या चिरंजीवांनीं तेवढ्या वेळांत मोबाइलवर किंमती पाहिल्या. स्पर्धेंत वापरतात तसें नवें परदेशी पिस्तूल एक लाखाच्या बरेंच पुढें जात होतें. त्यांनीं लागलीच कर्जाची व हप्त्यांची भाषा काढली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु भांडीं आवरतांना नेहमींपेक्षां अधिक आवाज झाला, त्यावरून मुलीनें हत्यार हातीं धरावें हें त्यांस रुचलें नाहीं, असें आम्ही समजलों.

आम्हीं मात्र त्याच रात्रीं मनाशीं एक निश्चय केला, आणि तो सांगतांना आज आम्हांस लाज वाटते. आमच्या उजव्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिवाळीच्या आंत शस्त्रक्रिया करून घ्या, असें डॉक्टरांनीं आषाढांतच बजावलें होतें, आणि तिच्यासाठीं चाळीस हजार रुपये आम्हीं पोस्टांत निराळे ठेवले होते. ते नातीच्या कामीं लावावे, असें आम्हीं ठरविलें. सौ.नीं चार दिवसांनीं डोळ्याचा विषय काढला, तेव्हां आम्हीं उत्तर दिलें, ‘डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत घाई नाहीं.’ छत्तीस वर्षें मुलांस सत्याचे पाठ देणाऱ्या आमच्या जिभेनें हें वाक्य कोठेंहि न अडखळतां उच्चारलें.

मनाची समजूत घालण्यास आमच्यापाशीं अर्जुन होताच. द्रोणाचार्यांनीं झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून शिष्यांची परीक्षा घेतली, ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल, याचा हिशेब नाहीं. लोकांत ती पक्ष्याच्या डोळ्याची म्हणून चालते; आदिपर्वांत अर्जुन आपणांस पक्ष्याचें मस्तक दिसतें, एवढेंच म्हणतो. हा भेद आम्ही मोठ्या अभिमानानें समजावून देत असूं. तात्पर्य मात्र दोन्हींकडे एकच काढीत असूं, कीं दूरचें लक्ष्य तेवढें पहावें, बाकी सारें विसरावें. नातीचें पदक हें आमचें लक्ष्य. त्यापुढें आमचा डोळा आणि सौ.जवळ बोललेलें एक खोटें वाक्य यांची मातबरी ती काय?

पुढच्या रविवारीं आम्ही नातीस घेऊन नेमबाजीच्या वर्गास गेलों. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील लांबट दालनांत दहा मीटर अंतरावर आठ लक्ष्यें लावलेलीं होतीं. शिकविणाऱ्या बाई वयानें आमच्या सूनबाईंएवढ्या. आमचा धंदा विचारून घेतल्यावर त्या आम्हांस ‘गुरुजी’ म्हणूं लागल्या, आणि दुसराच प्रश्न त्यांनीं विचारला, ‘गुरुजी, पैसे किती ठेवलेत?’

‘चाळीस हजार,’ आम्हीं खालच्या आवाजांत सांगितलें.

‘मग ते तसेच राहूं द्या. सहा महिने पिस्तूल घ्यायचं नाहीं.’

आम्हांस वाटलें, बाई आमची थट्टा करीत आहेत. परंतु त्यांनीं शांतपणें कारणें सांगितलीं, आणि तीं या वाटेस जाणाऱ्या प्रत्येक घरानें ऐकण्यासारखीं आहेत. तेरा वर्षांच्या मुलीचा हात अजून वाढावयाचा असतो. पिस्तुलाची लांकडी मूठ हाताच्या मापाची असावी लागते. आज बसलेली मूठ वर्षानें अपुरी पडते. शिवाय मुलें हौसेनें येतात आणि त्यांतील कित्येक तीन महिन्यांत कंटाळून जातात, कारण एकाच जागीं उभें राहून तेंच तें करणें हें चित्रांत दिसतें तितकें मौजेचें नसतें. वर्गाच्या मासिक फींत वर्गाचें पिस्तूल वापरावयास मिळतें. तेव्हां आरंभीं विकत घेण्याच्या वस्तु तीनच: सपाट तळाचे साधे बूट, डोळ्यांच्या रक्षणासाठीं चष्मा, आणि एक वही.

पहिल्या दिवशीं नातीस छर्रा दिलाच नाहीं. दोन तास केवळ नियम सांगण्यांत गेले. पिस्तूल रिकामें आहे असें ठाऊक असलें तरी तें भरलेलेंच समजावें. नळीचें तोंड लक्ष्याच्या दिशेशिवाय अन्यत्र कोठेंहि वळूं नये. नेम धरीपर्यंत बोट चापाला लावूं नये. आणि पिस्तूल खालीं ठेवतांना नळींतून एक रंगीत दोरी ओवून ठेवावी, म्हणजे आंत छर्रा नाहीं हें दुरूनहि दिसतें. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव चालू असतां खाण्यापिण्यास हात लावूं नये, आणि संपल्यावर हात साबणानें स्वच्छ धुवावे. हें सर्व पाहण्यास सूनबाई मुद्दाम आल्या होत्या. घरीं परततांना त्या एवढेंच म्हणाल्या, ‘आपल्या घरांत सुरी-विळीबद्दलसुद्धां एवढी शिस्त नाहीं.’ त्या दिवसापासून भांड्यांचा आवाज कमी झाला. हात धुण्याचा नियम तर सौ.स इतका आवडला कीं, हा खेळ कोणा सोंवळ्याच्या माणसानेंच काढला असावा, असें त्यांनीं जाहीर केलें.

या खेळाची रीत वाचकांस थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. दहा मीटर एअर पिस्तूल ही स्पर्धा ऑलिंपिकमध्यें १९८८ सालीं सेऊल येथें प्रथम आली. छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, पुढून चपटा. त्यामुळें कागदाला स्वच्छ गोल भोंक पडतें आणि गुण मोजतांना वाद राहत नाहीं. लक्ष्याच्या मध्याचें वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचें. त्यास छर्रा लागला म्हणजे दहा गुण. पिस्तुलाचें वजन दीड किलोपेक्षां अधिक असतां कामा नये, आणि चाप निदान ५०० ग्रॅम दाबाखेरीज सुटतां कामा नये. पिस्तूल एकाच हातानें धरावयाचें. दुसऱ्या हाताचा किंवा कशाचाहि टेकू नाहीं. साठ छर्रे झाडावयाचे. यंत्रावर गुण दाखविणारें लक्ष्य असेल तर ७५ मिनिटें आणि कागदी असेल तर ९० मिनिटें. सर्व छर्रे मध्यावर लागले तर गुण ६००.

दीड किलोच्या आंतलें वजन एका हातानें खांद्याच्या उंचीवर धरून स्थिर राहणें, हीच पहिली विद्या. आणि तिला पैसा लागत नाहीं. बाईंनीं युक्ति सांगितली, ती आमच्या देवघराशेजारीं चालूं झाली. पाण्यासह एक किलो भरेल असा तांब्या सौ.नीं तराजूवर तोलून दिला. नातीनें तो हात लांब करून उचलावा, मनांत दहा अंक मोजावे, खालीं आणावा, थोडी विश्रांति घ्यावी, पुन्हां उचलावा. असें तीस वेळां. पहिल्या आठवड्यांत फरशीवर पाणी सांडे आणि सौ. फडकें घेऊन उभ्या राहत. दसऱ्यापर्यंत सांडणें थांबलें, परंतु तांब्यांतील पाण्यावर बारीक तरंग उठतच राहिले. नात रडकुंडीस आली. बाई म्हणाल्या, ‘हात कुणाचाच थांबत नाहीं, माझाहि नाहीं. तो किती कमी हलतो एवढंच आपल्या हातीं.’

यानंतरचा जो धडा त्यांनीं दिला, त्यानें आमच्या छत्तीस वर्षांच्या अध्यापनास धक्का दिला. पिस्तुलाच्या मागच्या टोकास एक चौकोनी खांच असते आणि पुढच्या टोकास एक उभी पट्टी. तिला माशी म्हणतात. नेम धरतांना माशी खांचेच्या बरोबर मध्यें आणि दोहोंचे माथे एका रेषेंत आणावयाचे. आम्ही भिंतीशीं बसून ऐकत होतों. नातीनें विचारलें, ‘बाई, मग पाहायचं कुठं? त्या काळ्या गोलाकडे ना?’ आम्हीं मनांतल्या मनांत ‘अर्थात्’ असें उत्तर देऊनहि टाकलें.

‘नाहीं,’ बाई म्हणाल्या. ‘पाहायचं माशीकडे. माशी काळीकुळकुळीत, धारदार दिसली पाहिजे. लक्ष्य पुसटच दिसणार. तें पुसट दिसूं दे. लक्ष्य स्वच्छ दिसूं लागलं, कीं समज, नेम चुकला.’

आम्हांस राहवलें नाहीं. आम्हीं उठून अर्जुनाची कथा पुढें केली. बाई हंसल्या, पण त्यांनीं आमचा अनादर केला नाहीं. त्यांनीं कागद घेतला आणि आमच्याच विषयांतलें त्रैराशिक मांडलें. मनुष्याच्या डोळ्यास जवळची व दूरची वस्तु एकाच क्षणीं स्पष्ट दिसत नाहीं. दोहोंतील एक निवडावी लागते. आतां समजा, सबंध पिस्तूल, माशी व खांच एका रेषेंत ठेवून, एक सेंटिमीटर डावीकडे सरकलें. छर्राहि एक सेंटिमीटरच डावीकडे जाईल. दहाच्या ठिकाणीं नऊ मिळतील. परंतु मनगट किंचित् वळलें आणि माशी खांचेंत केवळ एक मिलिमीटर सरकली, तर? माशी आणि खांच यांत अंतर सुमारें ३३ सेंटिमीटर. लक्ष्य दहा मीटरांवर, म्हणजे त्याच्या तीसपट. तेव्हां एक मिलिमीटरची चूक तेथें तीस मिलिमीटर होते आणि दहाचे सात होतात. हाताचें हलणें क्षम्य आहे. माशीचें हलणें क्षम्य नाहीं. म्हणून डोळा माशीवर.

आम्हीं तें गणित दोनदां करून पाहिलें. उत्तर बरोबर होतें. गणित बरोबर आल्यावर मास्तरास दुसरें कांहीं म्हणतां येत नाहीं.

‘गुरुजी, तुम्हीच पाहा ना,’ असें म्हणून बाईंनीं रिकामें पिस्तूल आमच्या हातीं दिलें. आम्ही उजव्या हाताचे. सवयीनें उजवा डोळा लावला. ‘माशी स्वच्छ दिसते का?’ त्यांनीं विचारलें. आम्हीं पाहिलें, आणि गप्प राहिलों. माशी दिसेना. खांच दिसेना. लक्ष्यहि नाहीं. दुधांत बुडविल्यासारखा एक प्रकाश, आणि त्यांत हलणारी कसलीशी छाया. नात शेजारींच उभी होती. ‘आबा, तुम्हांला कांहींच दिसत नाहीं का?’ तिनें विचारलें. आम्हीं ‘प्रकाश कमी आहे’ असें पुटपुटलों. वरती आठ दिवे जळत होते.

मुलें खोटें बोलत नाहींत. निदान आमच्या नातीस अजून ती विद्या आली नव्हती. संध्याकाळीं दिवेलागणीस तिनें सारी हकीकत आजीस सांगितली. सौ. त्या वेळीं आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्या एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. चप्पल काढून, पाय धुऊन, त्या आमच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबा असं मीं कधींच सांगितलं नव्हतं.’ आम्ही खालीं पाहत राहिलों. ‘अहो, चाळीस वर्षांच्या संसारांत तुम्हीं मला दागिना केला नाहीं, त्याचं मला कधीं कांहीं वाटलं नाहीं. तुमचा शब्द खरा असतो, हाच माझा दागिना होता. पोरांना खोटं बोलल्याबद्दल छड्या दिल्यात ना तुम्हीं?’

एवढेंच बोलून त्या भाजी निवडावयास बसल्या. आमच्या आयुष्यांत आम्हांस पुष्कळ तपासनीसांनीं शेरे दिले. परंतु इतका थोडक्यांत आणि इतका बरोबर शेरा कोणीं दिला नव्हता.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आम्ही दूरचें लक्ष्य इतकें न्याहाळीत बसलों होतों, कीं अगदीं हाताशीं असलेली माशी केव्हां सरकली तें कळलेंच नाहीं. चार अक्षरांचें लहानसें असत्य. त्याच्या टोकाशीं केवढें अंतर पडलें! अर्जुनाच्या कथेचें आम्हीं वर्गांत काढलेलें तात्पर्य सोयीचें होतें, खरें नव्हतें. आचार्यांनीं शिष्यांस बाकी सर्व टाकून देण्यास सांगितलें असेल. घरच्या माणसांस टाकून देण्यास सांगितलें नव्हतें.

तुळशीचें लग्न झाल्यावर आमची शस्त्रक्रिया झाली. चाळीस हजारांचे पैसे ज्या कामासाठीं होते त्याच कामीं लागले. नातीचें कांहीं अडलें नाहीं. ती वर्गाच्या पिस्तुलावर शिकत राहिली. बाईंचा सहा महिन्यांचा सल्ला केवळ मुलांच्या हितापुरता नाहीं, घरांतील म्हाताऱ्यांच्याहि हिताचा आहे, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

फाल्गुनांत बाईंनीं निरोप पाठविला: एक विद्यार्थी शिक्षणासाठीं परगांवीं जात आहे आणि आपलें जुनें पिस्तूल देणार आहे. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी किंमत. पिस्तूल दांडीचें, म्हणजे प्रत्येक छऱ्याच्या वेळीं बाजूची दांडी एकदां उघडून मिटली कीं हवा दाबली जाते. दुसऱ्या जातीच्या पिस्तुलांत दाबलेल्या हवेची नळकांडी असते. तीं हातास हलकीं आणि सोयीचीं खरीं, परंतु नळकांडीवर मुदतीची तारीख कोरलेली असते, आणि मुदत संपलेली नळकांडी स्पर्धेंत चालत नाहीं. जुनें घेणाऱ्यानें ती तारीख आधीं पहावी. दांडीच्या पिस्तुलास नळकांडीच नाहीं. हवा अडविणाऱ्या रबरी कड्या झिजल्या तर बदलाव्या लागतात, एवढेंच. तें घेण्यापूर्वीं बाईंनीं तें घट्ट बसवून एकाच नेमानें दहा छर्रे झाडून पाहिले. दहांचें मिळून जवळजवळ एकच भोंक पडलें, तेव्हां नळी चांगली आहे अशी खात्री झाली.

चिरंजीव अद्यापि नव्याचा आग्रह धरून होते. त्यांस आम्हीं मनु भाकर यांचीच गोष्ट सांगितली. २०२१ सालीं टोकियो येथें ऐन पात्रताफेरींत त्यांचें पिस्तूल बिघडलें. दुरुस्तींत मोलाचीं मिनिटें गेलीं आणि अंतिम फेरी हुकली. जगांतील उत्तम पिस्तूल हातीं असून हें घडलें. तीन वर्षांनीं पॅरिसचीं पदकें आलीं, तीं यंत्राच्या किंमतीमुळें आलीं असें कोण म्हणेल?

कायद्याचीहि चौकशी आम्हीं केली. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आंतील जोराच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाहीं. तरी आम्हीं व्यवहार आमच्या नांवें केला, पावती लिहून घेतली, आणि पिस्तूल कुलपांत ठेवून किल्ली सूनबाईंच्या हवालीं केली. परवाना नको म्हणजे जबाबदारी नको, असें नव्हे.

राहिला पैसा. कर्जाचा विषय पुन्हां निघण्यापूर्वींच धाकट्या बंधूंनीं एक पाकीट आणून आमच्या मांडीवर ठेवलें. आम्हीं चकित होऊन पाहिलें. ते म्हणाले, ‘दादा, मीं कर्जाला नाहीं म्हटलं होतं. नातीला नाहीं कधीं म्हटलं?’ रोखठोक मनुष्याची माया देखील रोखच असते. पाकिटांत रकमेबरोबर त्यांच्या अक्षरांतील एक चिठी होती. तिच्यावर पुढच्या बारा महिन्यांच्या फीचा व छऱ्यांचा अंदाज आंखून मांडला होता.

छऱ्यांचा हिशेबहि सांगून ठेवतों, कारण खरा चालू खर्च तोच. एका डबींत ५०० छर्रे येतात. आठवड्यांतून चार दिवस, दर दिवशीं चाळीस, म्हणजे आठवड्यास १६० झाले. एक डबी तीन आठवडे पुरते. बाईंचा नियम असा कीं, एक छर्रा झाडण्याआधीं दोन वेळां रिकाम्या पिस्तुलानें तोच सर्व विधि करावा. समोर लक्ष्य न ठेवतां कोरी पांढरी भिंत ठेवावी. कोऱ्या भिंतीवर पाहण्यासारखें कांहीं नसतें, म्हणून डोळा आपोआप माशीवर बसतो. हा सराव फुकट आहे आणि मोलाचाहि आहे. महाग छर्रे स्पर्धेपुरते; एरवीं सरावाचे साधे. वहींत रोजचे गुण लिहावे, आणि त्यांच्यापुढें त्या दिवशीं काय चुकलें तें एका ओळींत. आमच्या नातीच्या वहींत ‘आज लक्ष्याकडे पाहिलें’ हें वाक्य इतक्या वेळां आलें आहे, कीं आतां ती केवळ ‘ल. पा.’ असें लिहिते.

गेल्या पावसाळ्यांत, म्हणजे २०२५ सालीं, ती आपल्या पहिल्या स्पर्धेस उभी राहिली. सबंध घर गेलें होतें. प्रेक्षकांनीं शांत बसावें लागतें, आमच्या सौ.नीं तेवढा वेळ मनांत स्तोत्र म्हटलें. सोळाव्या छऱ्यास चार गुण लागले. नातीची मान खालीं गेली. तिनें पिस्तूल उचललें, धरलें, आणि न झाडतां खालीं ठेवलें. पुन्हां उचललें, पुन्हां खालीं ठेवलें. बंधू आमच्या कानाशीं लागले, ‘दादा, वेळ जातोय.’ परंतु आम्हांस ठाऊक होतें. माशी स्वच्छ दिसेना म्हणजे हात खालीं आणावा; न झाडलेल्या छऱ्याचे गुण कोणी कापीत नाहीं. घाईनें झाडलेला परत येत नाहीं. तिनें पाण्याचा घोट घेतला, तिसऱ्यांदा हात वर केला, आणि नऊ लागले. अखेरीस ६०० पैकीं ५१४ गुण आणि तेविसावा क्रमांक. पदक नाहीं, वर्तमानपत्रांत नांव नाहीं. घरीं आल्यावर तिनें वही उघडून लिहिलें, ‘१६ वा: ल. पा.’ आणि तांब्या उचलून देवघराशेजारीं उभी राहिली.

आमच्याकडून एक शेवटची गोष्ट सांगावयाची राहिली. मध्यंतरीं बाईंनीं आमच्या नव्या डोळ्याची परीक्षा घ्यावी म्हणून पुन्हां रिकामें पिस्तूल हातीं दिलें. आम्हीं उजवा डोळा लावला. समोरील काळा गोल असा स्वच्छ, असा रेखीव दिसला, कीं आमच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला. ‘आणि माशी?’ बाईंनीं विचारलें. माशी पुसट होती. डॉक्टरांनीं डोळ्यांत बसविलेलें भिंग दूरचें दाखवितें. जवळचें पाहण्यास आम्हांस अजून चष्मा लावावा लागतो.

बाई हंसूं आवरीत म्हणाल्या, ‘गुरुजी, तुमचा डोळा अर्जुनाचाच राहिला.’

आम्हीं खिशांतून चष्मा काढून लावला. लक्ष्य विरघळून गेलें आणि माशी समोर उभी राहिली. तो चष्मा आम्ही आतां घरांतहि काढीत नाहीं. सौ. समोर बसून कांहीं विचारीत असल्या, तर तो अगदीं पुसून लावतों.